पोचतात गं सगळे

सेलू, मंगळवार, दिवेलागण

कापसाच्या जिनिंगच्या यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा प्रोग्राम मी आणि मीनाने मिळून केला. माझा भाग ऐकतो, निरोप पाठवतो आणि उत्तरासाठी न थांबता पुढचं ऐकत राहतो. निरोप मिळाला की भोंगा वाजवायचा, हे मीनाच्या भागाचं काम. आज बेअरिंग जळालं, भोंगा वाजलाच नाही. फिटरमामा हसले, "ताई, तुमचं यंत्र बहिरं हाय का?"

बहिरं कुठलं! माझ्या भागाने कळवलं होतं. निरोपांची गर्दी झाली की उरलेले मुकाट टाकून द्यायचे, असं मीनानेच तिच्या भागात लिहून ठेवलेलं. मी विचारायचे तेव्हा म्हणायची, "पोचतात गं सगळे."

आज म्हणाली, "तू रागावशील म्हणून न्हाई सांगितलं."

पोचतात गं सगळे. किती मायेनं म्हणायची...

आता प्रत्येक निरोपाची पोच मागायला हवी. प्रोग्राममध्ये एवढी एकच ओळ. शाळेपासूनच्या मैत्रिणीकडे पोच मागायची? लिहवत नाही.