धाकटीच्या कानांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा श्रवणयंत्रे बनविणे, आताचा धंदा काही नाही, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. आजार यकृतापर्यंत गेला आहे आणि डॉक्टर आता औषधांची नावे सांगत नाहीत, नुसती विचारपूस करतात. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणून मिळवावे असे माझ्याजवळ फारसे उरलेलेही नाही. याआधीच्या मृत्युपत्रात कंपनीचे शेअर कोणाला किती द्यायचे याचीच पाने भरलेली होती. ते मी रद्द करते.

वकीलबाईंनी एक तयार मसुदा पाठवला होता. तो त्यांच्या संगणकाने लिहिला होता. भाषा गुळगुळीत होती, आणि त्यात मला दोन मुली होत्या. मला एक मुलगा आहे. म्हणून ही खटपट.

१. राहते घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे. त्यात माझ्या धाकट्या बहिणीने तहहयात राहावे. तिला कोणी उठ म्हणू नये, आणि "तुझ्याच सोयीसाठी" असे सांगून एका खोलीत ढकलू नये. तिच्यामागे घर माझ्या मुलाकडे जाईल.

धाकटी पाच वर्षांची असताना तिला ताप आला आणि ऐकणे जवळजवळ गेले. त्या काळी छातीवर डबी बांधून कानात वायर घालावी लागे. वर्गातली मुले ती वायर ओढत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते तिच्या त्या वायरीवर चिडून, दुसरे कारण नव्हते. कानामागे बसणारे माझे पहिले यंत्र जेवणाच्या टेबलावर तयार झाले. ते लावून ती अंगणात गेली आणि परत येऊन म्हणाली, "ताई, तुझ्या चपलांचा आवाज होतो." या घरातली प्रत्येक वीट त्या वाक्यानंतरची आहे.

२. मागच्या खोलीतले कामाचे टेबल, भिंग, सोल्डरिंगची हत्यारे, कानाचे साचे घेण्याचे साहित्य आणि कपाटातली जुन्या पद्धतीची यंत्रे, चालू आणि बंद दोन्ही, मी आमच्या सोल्डरिंगवाल्या बाईंना देते. त्या पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होत्या. मी त्यांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "काय करू बाई त्याचं? सुटे भाग मिळत नाहीत आणि मला दिसत नाही." मी म्हटले, "तरी ठेवा." त्या हो म्हणाल्या. माझे मन राखायला म्हणाल्या, हे मला कळले. त्या साक्षीदार म्हणून सही करायला तयार होत्या, पण ज्याला काही मिळायचे आहे त्याची सही नको म्हणून त्यांची घेतलेली नाही.

३. कंपनीविषयी. तिच्यात आता माझा काही हक्क नाही, म्हणून देण्यासारखेही नाही. परंतु माझ्यामागे लोक बोलतील, म्हणून काय घडले ते इथे नोंदवून ठेवते.

म्हातारीला काळाबरोबर चालता आले नाही असे कोणी म्हणू नये. जुने तंत्र गेले आणि डिजिटल आले तेव्हा मी चालता कारखाना थांबवून नवी यंत्रसामग्री आणली. यजमान तेव्हा हयात होते. गावोगाव हिंडून विकायचे काम त्यांचे. ते म्हणाले, "आत्ता कुठे जरा बसलो होतो गं." ती सामग्री पुरती वापरून व्हायच्या आत बिनतारी यंत्रे आली. मग फोनला जोडणारी. मग स्वतःच शिकणारी. प्रत्येक वेळी आम्ही पुन्हा शिकलो आणि प्रत्येक वेळी शिकलेल्यांपैकी काहींना मला घरी पाठवावे लागले. शेवटी फोन बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी गाणी ऐकायच्या खेळण्यातच आमचे यंत्र बसवले, जवळजवळ फुकट. आमचा धंदा कोणी हिसकावला असे नाही. त्यांना तो रस्त्यात लागला, इतकेच.

मुलगा तोवर व्यवस्थापकीय संचालक झाला होता. त्याने एक सल्लागार आणला. सल्लागार पडद्यावर चित्रे दाखवत बोलला आणि त्याच्या बोलण्यात कान हा शब्द एकदाही आला नाही. योजना अशी होती: यंत्र स्वस्तात द्यायचे, पण ते चालेल ते आमच्या दूरच्या संगणकाशी जोडलेले असेपर्यंतच, दरमहा वर्गणी घेऊन.

मी सभेत विचारले, "आणि तो संगणक बंद झाला तर?"

मुलगा म्हणाला, "तो कशाला बंद होईल?"

"यंत्र माणसाच्या कानात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. असलं काही मी बनवणार नाही."

"आई, हे नाही केलं तर दोन वर्षांत कुलूप लावावं लागेल. मग कोणाच्याच कानात काही नसेल. तुझ्याकडे दुसरा काही उपाय असेल तर सांग. मी खरंच विचारतोय."

माझ्याकडे नव्हता. तेव्हा नव्हता, आजही नाही. मी विरोधात मत दिले. भांडवल घालणाऱ्यांची मते जास्त होती. ठराव मंजूर झाला आणि चहा आला.

विक्री वाढली, तोटाही वाढला, आणि मग एका मोठ्या कंपनीने आम्हांला विकत घेतले. सेवा चालू ठेवू असे त्यांनी लिहून दिले होते. त्या लिहिण्यात एक कलम असे होते की चालू म्हणजे काय ते त्यांनी ठरवायचे. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या यंत्रांची मालिका आणि तिचा तो दूरचा संगणक बंद केला. ग्राहकांना सूचना दिली ती फोनवर, रेकॉर्ड केलेल्या आवाजात.

त्या सकाळी धाकटी, कानात आमचेच वर्गणीचे यंत्र, माझ्यासमोर बसून चहा पीत होती. बोलता बोलता थांबली, कानावर टिचकी मारली. "सेल गेला वाटतं," म्हणाली. मी सेल बदलला. मला माहीत होते, तरी बदलला. मग आणखी एक बदलला. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि यंत्र काढून बशीत ठेवले.

मी ते टेबलावर नेऊन उघडले. आतली प्रत्येक जोडणी माझ्या ओळखीची होती, पण आज्ञावलीला कुलूप होते आणि ते आता त्यांच्या मालकीचे. दिवसभर बसले. काही झाले नाही. कपाटातली जुनी यंत्रेही तिला लावून पाहिली, पण तिचे ऐकणे आता इतके उतरले आहे की त्यांचा जोर पुरला नाही.

पुढे कित्येक दिवस लोक घरी येत राहिले. एक शिक्षिका आली, तिला वर्ग सोडावा लागला होता. एक आई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी नुकती बोलू लागली होती. आई म्हणाली, "तुम्ही बनवलंय ना हे? मग तुम्हीच चालू करा." मी तिला जुन्या पद्धतीचे एक यंत्र दिले. ते त्या मुलीच्या कानाला फार मोठे होते.

४. बँकेतील ठेवींपैकी निम्मी रक्कम धाकटीच्या औषधपाण्यासाठी वकीलबाईंनी सांभाळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी. मसुद्याचा राग मी धरलेला नाही. उरलेली रक्कम मुलाला द्यावी. खरेदी करणाऱ्यांनी त्यालाही काढून टाकले आहे. तो आला तेव्हा बराच वेळ बाहेर गाडीतच बसून होता. मग आत येऊन म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाही, आई. पडदा बंद झाला आणि माझा पासवर्ड चालेना." मी त्याला जेवायला वाढले. तो जेवला. माफ केलेस का, असे त्याने विचारले नाही. पैसे लिहून देता येतात म्हणून देते आहे. बाकीचे अजून माझ्याच्याने होत नाही, आणि आता होईल इतका वेळ दिसत नाही.

५. मुलाने धाकटीला आणून दिलेले नव्या पद्धतीचे यंत्र तिच्या कपाटात आहे. ते त्याला परत करावे. चांगले आहे, ऐकू येते. फक्त ते आवाज इतका स्वच्छ करते की तिला सगळे एकाच माणसासारखे ऐकू येतात. दोन दिवस लावून ती म्हणाली, "तू कोण आणि टीव्ही कोण, कळत नाही गं," आणि काढून ठेवले. सल्लागारास काही देणे नाही.

६. माझ्यामागे कंपनीच्या नव्या मालकांकडून शोकसंदेश आल्यास तो छापू नये. संस्थापिका म्हणून माझा फोटो त्यांच्या संकेतस्थळावर आहे, तो काढायला सांगावे. मी दोनदा सांगितले. उत्तर यंत्राने दिले.

७. धाकटीला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तिचे शब्द झिजत चालले आहेत. ताई या शब्दातला त आधी गेला. मला अजून कळते. माझ्यामागे ज्यांना कळणार नाही त्यांनी मान डोलवून निभावून नेऊ नये, पुन्हा विचारावे. ती चिडत नाही.

८. मी गेल्याची बातमी तिला चिठ्ठीने किंवा फोनच्या पडद्यावर देऊ नये. मुलाने स्वतः यावे. खोलीतला दिवा लावावा, तिच्या समोर बसावे आणि सावकाश सांगावे. तो बोलायला शिकला तो तिच्या मांडीवर. त्याच्या ओठांवरचे तिला इतर कोणाहीपेक्षा नीट वाचता येते. गेली काही वर्षे त्याने दाढीमिशा वाढवल्या आहेत, त्यात त्याचे ओठ दिसत नाहीत. येण्यापूर्वी त्याने त्या काढून याव्यात.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि ते माझेच म्हणणे आहे.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
तारीख: डॉक्टरांनी सहीखाली घातली आहे ती.

लिहून ठेवणारी: (सही)

आम्हां दोघांदेखत बाईंनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:
साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर (सही, तारीख). बाई शुद्धीवर व पूर्ण भानावर आहेत.
साक्षीदार दुसरे: शेजारचे औषधाचे दुकानदार (सही).