ओट्याची उंची

घराच्या मालकीणबाईंस,

इथे एका घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर फरशी बसवत होतो, तेवढ्यात तुझं पत्र हातात पडलं. तिकडच्या गवंड्याने तुला भिंतीशी उभं केलं आणि कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलीने खूण केली, हे उभ्या उभ्या वाचलं. माझी फरशी तिरकी बसली. उपटून पुन्हा बसवली.

बाकी मी मजेत आहे. जेवण वेळेवर मिळतं.

आपल्या घराच्या नकाशात मी ओटा तीस इंच लिहिला होता. तू लिहितेस, "ते म्हणाले, वहिनी, एवढं वाकलात तर पाठ कामातून जाईल." म्हणून छत्तीस झाला. खिडकीही 'ते म्हणाले' म्हणून सरकली. अख्ख्या पत्रात 'ते म्हणाले' अकरा वेळा आलंय. घर माझं की त्याचं?

त्याला सांग, ओटा फोडून तीसच कर. आणि चहा बाहेर देत जा.

खूण करताना कोपर धरावं लागतं, हे मला ठाऊक आहे. इथल्या मालकिणीचं माप मी तसंच घेतलं. तुझं मात्र कधी घेतलं नाही. तीस इंच ही आईच्या ओट्याची उंची.

आईचे गुडघे कसे आहेत? धाकटी रडत नाही ना शाळेत जाताना?

तुझाच,
लांबचा गवंडी

ता. क. सकाळी मुकादमाकडे चार दिवसांची रजा मागितली. मिळाली नाही. ओटा फोडू नका.