‘झालं’ म्हणणारं माणूस

बिशप गाव, २ नोव्हेंबर १९९६

आयोनला,
स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझं अक्षर बारीक आणि माझी शाळा सातवीत सुटलेली, हे एवढ्या वर्षांत तुझ्या लक्षात राहू नये याचं नवल वाटतं. तीन पानं लावायला मला दोन संध्याकाळी लागल्या.

मला कळलं ते असं. सप्टेंबरात बाबाने मोटारघर मागे घेताना शेजाऱ्याची पत्रपेटी उडवली, म्हणून तुझ्या मते त्याची नजर गेली. तुझ्या क्लेटनने गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. आता मी बाबाबरोबर बिशप ते टेकोपा, त्याच्या हिवाळी मुक्कामापर्यंत, एक दिवस बसायचं, तो नीट चालवतो का ते बघायचं आणि तुला हो किंवा नाही कळवायचं. नाही म्हटलं की गाडी विकायची आणि बाबा फ्रेस्नोला तुझ्या मागच्या खोलीत. म्हणजे निकाल माझा आणि खोली तुझी.

बसते. लॉजचं स्वयंपाकघर गेल्या रविवारी बंद झालं, आता एप्रिलपर्यंत कुणाला ट्राउट मासळी तळून घालायची नाही. पण त्या गाडीचा मला पुळका आहे असं समजू नकोस. राहतं घर विकून चाकांच्या डब्यात राहायचं, आपला संडास आपणच ओढत गावोगाव फिरायचं आणि त्याला स्वातंत्र्य म्हणायचं, हे मला आई होती तेव्हाही कळलं नाही. दारावर अजून दोघांच्या नावाची, ‘ओरिन आणि ल्युएला’ अशी लाकडी पाटी आहे. ती काढायचं म्हटलं तर म्हातारा दोन दिवस बोलत नाही.

लोभ आहेच, तो वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.
व्हर्ला

फ्रेस्नो, ६ नोव्हेंबर

प्रिय व्हर्लाला,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून क्लेटन हसला, मला हसू आलं नाही. मला बाबा डोळ्यांसमोर हवा आहे, यात वाईट काय आहे ते सांग. तो डोंगरावरून ती बसएवढी गाडी उतरवत असतो आणि मी इथे फोनकडे बघत बसते.

एक कर. निघायच्या आधी तो यादी म्हणेल. एकेक काम तो विचारायचा आणि आई ‘झालं’ म्हणायची. प्रत्येक वेळी, नुसतं पेट्रोलला थांबले तरी. आई गेल्यापासून तोच विचारतो आणि तोच उत्तर देतो, असं तिथल्या शेजारणीने मला सांगितलं. तू आईच्या जागी ‘झालं’ म्हण आणि तोंड वाकडं करू नकोस.

मागच्या खोलीला पिवळे पडदे लावलेत. भांडू नकोस त्याच्याशी.

माया आहे ती असू दे, जीभ तेवढी आवर.
तुझी आयोन

टेकोपा, १० नोव्हेंबर

आयोनला,
स. न. वि. वि.

काल पोचलो. आता सगळं एका दमात लिहिते, मध्ये प्रश्न नकोत.

निघताना आजूबाजूच्या मोटारघरांतले चार म्हातारे कमरेवर हात ठेवून आमच्याभोवती उभे. या लोकांना दुसऱ्याची गाडी निघताना बघण्याएवढं सुख कशात नाही. एक बाई कुत्र्याला बाबागाडीत बसवून आली आणि वाऱ्याची दिशा सांगून गेली. कुणी विचारलं होतं?

म्हाताऱ्याने खिशातून घडी पडलेला कागद काढला आणि सुरू केलं. पाण्याची नळी. विजेची तार. मैल्याची झडप. छतावरची अँटेना. पायरी. शेवटी, मागच्या मोटारीचा हातब्रेक. ती बारकी मोटार चारही चाकांवर मागून ओढत न्यायची असते, तिचा ब्रेक ओढलेला राहिला तर चाकं जळतात, एवढं मलाही ठाऊक आहे. मी दारात उभी राहून वर्गात हजेरी दिल्यासारखी झालं, झालं म्हणत होते. तोंड वाकडं केलं, पण त्याच्या पाठीमागे.

गाडी त्याने चांगली चालवली. मला चूक सापडायला हवी होती, सापडली नाही. लोन पाइनपुढे चढ लागला तेव्हा इंजिन तापू नये म्हणून थंड हवेचं यंत्र बंद केलं आणि मला शिजवलं, पण गाडी वर नेली. एकच खोड. दर पाटीला मला विचारायचा की काय लिहिलंय. मी अक्षरं जुळवेपर्यंत पाटी मागे गेलेली. मला वाटलं, माझ्या शाळेची थट्टा करतोय. दोनदा मी सांगितलं, की स्वतःच्या डोळ्यांनी वाच.

मोठ्या उताराच्या तोंडाशी थांबलो. गाडीत विडी ओढू देत नाही, म्हणून माझ्या सिगरेटी मागच्या मोटारीत. मी तिच्यात जाऊन बसले आणि दोन ओढल्या. परत आले तर म्हाताऱ्याने पुन्हा कागद काढलेला. मी म्हटलं, पुरे झालं हे नाटक. सकाळी एकदा म्हटलंय, मधे कुणी कशाला हात लावला नाही आणि मी काही आई नाही. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि गाडी सुरू केली.

दोन-तीन मैल उतरलो असू. तो म्हणाला, ही गाडी फार शहाण्यासारखी उतरतेय. म्हटलं, मग उपकार मान. तो म्हणाला, इतक्या वर्षांत या उतारावर तिने कधी माझं ऐकलेलं नाही, आज का ऐकावं? म्हटलं, वय झालं की भास होतात. रस्ता रुंद झाला तिथे तो गाडी बाजूला घेऊन उतरला.

मागच्या मोटारीच्या चाकांतून धूर येत होता.

हातब्रेक मी ओढला होता, आयोन. उतारावरच्या मोटारीत बसलं की हात आपोआप जातो. म्हाताऱ्याने ब्रेक खाली केला, चाकाशी वाकून वास घेतला आणि चाकं निवेपर्यंत दोन तास घालवायला चीजचे सँडविच केले. तेवढ्यात दुसरं मोटारघर थांबलं. त्यातला गृहस्थ कमरेवर हात ठेवून विचारतो, ब्रेक कुणी ओढलेला ठेवला? बाबा म्हणाला, मी. वय झालं. तो माणूस समजुतीने हसला आणि बायकोकडे बघून मान हलवली. त्या मानेवर तवा घालावा असं वाटलं. पण खरं सांगायला माझं तोंड काही उघडलं नाही.

संध्याकाळी म्हातारा गरम कुंडात डुंबायला गेला. मी त्याच्या सदऱ्यातून कागद काढला, त्यावर हातब्रेक खरोखर लिहिलाय का ते बघायला. बोट ठेवून वाचला. पीठ. अंडी. आटवलेलं दूध. निळी लोकर. ओरिनच्या पित्ताच्या गोळ्या. आईची बाजाराची यादी आहे ती. खरी यादी खणात सापडली, आईचं अक्षर दोन्हींवर सारखंच. तो कागदाकडे बघून पाठ म्हणतो. मग पाट्यांचं कोडंही सुटलं.

तर घे निकाल. हात ठीक, डोकं ठीक, बुडाला रस्ता कळतो. डोळे गेले. उत्तर ‘नाही’ असं आहे. गाडीला आग मी लावत होते आणि निकालही मीच देते, याची मला लाज वाटते, पण नजर नाही ती नाही.

तुझ्या पडद्यांचं मात्र मी त्याला सांगणार नाही. ते तू सांग.

लोभ ठेव, आज जरा जास्त लागेल.
व्हर्ला

फ्रेस्नो, १४ नोव्हेंबर

प्रिय व्हर्लाला,
स. न. वि. वि.

तू खरं लिहिलंस, आभार. क्लेटन शनिवारी, २३ तारखेला, गिऱ्हाईक घेऊन टेकोपाला येतोय. तोवर किल्ल्या बाबाकडून काढून घे आणि बाबाचं सामान बांधून ठेव. पडद्यांचं क्लेटन सांगेल.

लोभ तुझ्यावर आहे, फक्त दिसू देत नाहीस.
तुझी आयोन

टेकोपा, १८ नोव्हेंबर

आयोनला,
स. न. वि. वि.

क्लेटनला पाठवू नकोस. किल्ल्या माझ्याकडे आहेत आणि माझ्याकडेच राहतील.

तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग मी त्याला सांगितलं, की कागद मी बघितला. त्याने विचारलं, काय आहे त्यावर? मी वाचला. लोकर निळी होती हे ऐकून म्हणाला, ती मी आणलीच नाही, हिरवी आणली, तिने वर्षभर ऐकवलं. मग किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि डोळे पुसले. मी भांडी घासायला घेतली.

एप्रिलपर्यंत गाडी मी चालवणार. त्यानंतर काय ते एप्रिलमध्ये बघू. तुला बाबा डोळ्यांसमोर हवा असेल तर ये आणि बघ, पडदे घेऊन ये, इथे उन्हाला लागतील. ही माणसं मला अजूनही मूर्खच वाटतात. काल मैला रिकामा करायला गाडी काढली तर सहाजण कमरेवर हात ठेवून हजर. मी मागे घेताना पाण्याच्या नळाचा खांब वाकवला, तेव्हा बिशपहून आमच्या मागोमाग आलेल्या कुत्र्याच्या बाईने मला वाऱ्याचं कारण दिलं.

गाडी काढायच्या आधी म्हातारा माझ्या शेजारी, आईच्या खुर्चीत बसला होता. हातात कागद नव्हता. नळी, तार, झडप, अँटेना, पायरी म्हणाला आणि मी झालं म्हणत गेले. मग त्याने मागच्या मोटारीचा हातब्रेक विचारला. मागे मोटार जोडलेलीसुद्धा नव्हती, ती झाडाखाली उभी होती.

मी उतरले, झाडापर्यंत गेले, आत वाकून बघितलं, परत आले आणि झालं म्हणाले.

लोभ असेल तर येताना सिगरेटी आण.
व्हर्ला