दुसरा मुडा

आये, तू गेल्याला बारा वर्षं झाली आणि आता लिहायचं कारण तसं फुटकळ आहे. एक कमांड. म्हणजे कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर टाइप करायची एक ओळ. एंटर दाबलं की तो निमूट कामाला लागतो, माझ्यासारखा आधी वाद घालत नाही. दर रविवारी सकाळी मी ती चालवतो. तुझा आवाज मोबाइलवर घेतला होता ना, मसाल्याला कुठली मिरची किती, चुलीपाशी म्हटलेल्या ओव्या, शेजारणीची गाऱ्हाणी, त्या अकरा फायलींचं एक फोल्डर आहे. ते इंटरनेटवर आहे, माझ्या कॉम्प्युटरवर आहे आणि ठाण्याला तुझ्या धाकटीच्या फोनवर. तीन ठिकाणी आहे म्हणून ती निर्धास्त होती. मी नव्हतो, कारण या तिन्ही जागा एकमेकींना बांधलेल्या. एकीकडे पुसलं की तिन्हीकडे पुसतं. म्हणून माझी कमांड नवं तेवढं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेते आणि इथलं गेलं तरी तिथलं पुसत नाही. पुसणारीही कमांड असते, ती मी मुद्दाम घेतली नाही.

हे शहाणपण ऑफिसातलं नाही. बियाण्याचं भात पेंढ्यात बांधून तू दोन मुडे करायचीस, एक आपल्या माळ्यावर, दुसरा कट्टा गावी मावशीकडे. मी कॉलेजात असताना एका वर्षी, ऐन पेरणीत फेरी नको म्हणून, कट्ट्याचा मुडा मी महिनाभर आधीच आणला आणि पहिल्याशेजारी ठेवून दिला. उंदरांनी दोन्ही फोडले. तू शिडीवर उभी राहून बराच वेळ बघते आहेस, मी खाली सबबी जुळवतो आहे. मग तू उतरतेस, पदर झाडतेस. "दोन मुडे एकाच माळ्यार ठेवलंस, म्हणजे एकच मुडो झालो रे." बस, इतकंच. बियाणं मागायला शेजारी तू स्वतः गेलीस, मला पाठवलं नाहीस, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

यंदा धाकटीचा फोन भरला. तिनं ते फोल्डर पुसलं, आपल्या फोनपुरतं पुसतेय असं समजून. पुसलेलं महिनाभर परत मिळतं. तिच्या लक्षात आलं दोन महिन्यांनी. माझ्याही आलं नव्हतं; नवं काही नसलं की माझी कमांड काहीच दाखवत नाही. फोनवर ती रडली. मी शांत होतो, खरं सांगायचं तर थोडा खूशही. डिस्क जोडली, कमांड उलट्या दिशेनं चालवली आणि दहा फायली जागच्या जागी आल्या.

ती म्हणाली, अकरावी? त्या कमांडला काय घ्यायचं नाही तेही सांगता येतं, आणि पहिल्याच दिवशी मी त्या एका फाईलचं नाव तिथे घातलं होतं. ती आपल्या दोघांच्या शेवटच्या बोलण्याची. माझा फोन तेव्हा प्रत्येक कॉल आपोआप टिपून ठेवायचा. तू विचारतेस, "आयतवारी येतलंस मां? फणसाची भाजी करून ठेवतंय." मी म्हणतो, रविवारी येतो. आलो नाही. काही अडचण नव्हती, पुण्यात घरीच लोळत होतो. बुधवारी तू गेलीस. पडद्यावरून ते नाव सरकताना एकदाही बघायला नको, एवढाच हिशेब; मूळ फाईल फोल्डरात आहेच म्हटलं.

धाकटीला नेमकी तीच हवी होती. "दादा, बाकीच्यांत आये सांगता. त्यात ती बोलावता," म्हणाली. मी सांगितलं, डिस्क जुनी झाली, एक फाईल खराब निघाली. तिनं लगेच मानलं, उलट माझीच समजूत काढली. आता दर फोनला नवी डिस्क घे म्हणून मागे लागते. हे पत्र त्या फोल्डरात ठेवलं तर तिला दिसेल, म्हणून ते इथेच राहणार, एकाच ठिकाणी. आये, डिस्क धड आहे.