नळ्या, काजळी आणि सोनालीचं ब्लेड

४ जून, गुरुवार
परत काजळी. सकाळपासून भट्टी तापवली, लोखंडाची भुकटी आत ठेवली, वरून ॲसिटिलीन सोडला, आणि संध्याकाळी उघडून बघते तर कंदिलाच्या काचेवर धरते तसली काजळी. हीच हवी असती तर घरी वात पेटवून वर ताटली धरली असती.

हव्यात कार्बन नॅनोट्यूब. लोखंडाच्या कणांवर गवतासारख्या उगवणाऱ्या पोकळ नळ्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. मार्चमध्ये काय सुरेख उगवल्या होत्या! भट्टी तीच, गॅस तोच, मीही तीच. आता काय झालं कळत नाही.

मकरंदला फोन केला. आमच्या दोघांची कंपनी. मी शिवणे गावातल्या शेडमध्ये काळी होते, तो खराडीच्या काचेच्या ऑफिसात बसून लोकांना भेटतो. म्हटलं, काजळी आली. म्हणाला, दिसायला काळीच आहे ना? कॉलेजात एका बाकावर बसायचो तेव्हाच उठून दुसरीकडे बसायला हवं होतं.

६ जून, शनिवार
गुन्हेगार सापडला असं वाटलं. आमचे शेडमालक तात्या शेजारच्या गोडाऊनमध्ये गणपतीच्या मांडवाच्या लोखंडी चौकटी करून घेतात. वेल्डिंग सुरू झालं की आमचे दिवे लुकलुकतात. म्हणजे भट्टीचं तापमान पडत असणार. गेले भांडायला. तात्यांनी शांतपणे ऐकलं आणि उलट विचारलं, "म्याडम, तुमचं ते काळं उडतंय का? शेजारची मान्सं इचारत्यात, बाँब बनवता का म्हून."
मी म्हटलं, बाँब सोपा असतो.
दिवसभर वेल्डिंग बंद ठेवलं त्यांनी. भला माणूस. भट्टी लावली.
काजळी.

९ जून, मंगळवार
सोनाली आली होती. येरवड्याहून दोन बस बदलून येते, आणि कधीही उशीर करत नाही. हे मला आमच्या कंपनीतल्या कोणाबद्दलही लिहिता येणार नाही. गुडघ्याखाली डावा पाय नाही तिला. कॉलेजात असताना स्कूटीवरून जाताना डंपरखाली आली. आता पळते. परदेशी ब्लेड, म्हणजे पळण्यासाठीचा वाकडा कृत्रिम पाय, तिच्या आवाक्यातलं नाही, म्हणून आम्ही बनवून दिलं: कार्बन फायबरचे थर, आणि थर चिकटवणाऱ्या रेझिनमध्ये मार्चच्या आमच्या नळ्या. रेझिनला तडा गेला तर नळ्या त्याला टाक्यांसारख्या धरून ठेवतात, अशी कल्पना. कल्पना माझी. जाहिरात मकरंदची.

अठ्ठावीसला तिची राज्य संघाची निवड चाचणी. ब्लेडवर मस्त पळते म्हणाली. निघताना बूट चढवता चढवता सहज म्हणाली की परवा वळणावर ब्लेडमधून टक् आवाज आला, पण एकदाच.
एकदाच!
ब्लेड ठेवून घेतलं. साध्या पायावर घरी गेली. तोंड पाडून.

१० जून, बुधवार
आपल्या नळ्यांचा एक गुण असा की त्या रेझिनमधून वीज जाऊ देतात. आत थर सुटले, तडा गेला, की विजेची वाट तुटते आणि रोध वाढतो. म्हणून ब्लेडच्या वरच्या आणि खालच्या बाजूला तारा चिकटवून मीटर लावला. मार्चचा आकडा माझ्याकडे आहे. आजचा वाढलेला आहे. भरपूर नाही. पण वाढलेला आहे.

मकरंद म्हणाला दमट हवा असेल. मग म्हणाला तारा नीट चिकटल्या नसतील. मग म्हणाला मीटर जुना असेल. मीटर, तारा आणि हवा सोडून चौथी शक्यता त्याला सुचेना. शेवटी असं की चाचणीच्या दिवशी त्याने कोणा ग्राहकाला बोलावलंय, व्हिडिओ काढायचाय, त्यामुळे सोनालीला इतक्यात काही सांगू नको, तिचा आत्मविश्वास जाईल.
आत्मविश्वास. वळणावर पूर्ण वेगात ब्लेड मोडलं तर आत्मविश्वास कुठल्या डॉक्टरकडे न्यायचा?

घरी नवरा, शिरीष, जेवताना म्हणाला, तुझा राग आमटीवर काढू नकोस, मी केलीय.

१२ जून, शुक्रवार
सगळं तपासलं. भुकटी नवी केली. भट्टीची नळी धुतली. गॅसचा वेग कमी केला, वाढवला. काजळी, काजळी, आणि एकदा काहीच नाही.
नळ्या नाहीत म्हणजे दुसरं ब्लेड नाही. दुसरं ब्लेड नाही म्हणजे पहिलं कापून बघता येत नाही. आणि कापल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. हे मी मकरंदला तीन वेगवेगळ्या पद्धतींनी समजावलं. तो म्हणाला, तू फार निगेटिव्ह झालीयस.

१३ जून, शनिवार
सापडलं. आणि इतकं साधं की स्वतःच्या डोक्यात सिलिंडरचा पाना घालावासा वाटला.
ॲसिटिलीन सिलिंडरमध्ये नुसता कोंबून भरत नाहीत, स्फोट होईल. तो ॲसिटोनमध्ये विरघळवलेला असतो. सिलिंडर रिकामा होत आला की गॅसबरोबर ॲसिटोनची वाफ येऊ लागते. वेल्डिंगला चालतं. माझ्या नळ्यांना नाही चालत. आज सहज दाबाच्या काट्याकडे लक्ष गेलं, तर तो तळाशी. विचारपूस केली. मकरंदने गॅसवाल्याला परस्पर सांगून ठेवलंय की पूर्ण संपल्याशिवाय बदलू नका. काटकसर. मार्चमध्ये सिलिंडर नवा होता. एवढंच.

तात्यांना जाऊन सांगितलं की तुमच्या वेल्डिंगचा दोष नव्हता. म्हणाले, "आमाला म्हाईतच हुतं. पर तुमी एवढं तावातावानं बोलत हुता, म्हटलं बोलू द्या."

१६ जून, मंगळवार
नवा सिलिंडर. संध्याकाळी भट्टी उघडली तर आत काळा, हलका, मऊ थर, चिमटीत धरला तर कापसासारखा. मास्क लावलेला होता म्हणून बरं, नाहीतर उसासा टाकून निम्मा उडवला असता.
नळ्याच आहेत ना, याची खात्री इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच होणार. कॉलेजकडे विचारलं. तारीख मिळाली चाचणीनंतरची. त्यांना म्हटलं, नंतर बघून मी काय करू? तिथल्या बाई म्हणाल्या, ते तुम्ही बघा.

१७ जून, बुधवार
सोनालीला फोन करून बोलावलं आणि सगळं सांगितलं. मकरंदला न विचारता. आकडा वाढलाय, आत तडा असू शकतो, नवी पावडर तयार झालीय पण खात्रीची नाही, नवं ब्लेड वेळेत होईल पण होईलच असं नाही.
ती स्टुलावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, तुटणार का नाही तुटणार, एवढंच सांगा."
"माहीत नाही."
"मग त्या मीटरचा उपयोग काय?"
उपयोग एवढाच की झोप जाते.
ती म्हणाली, याच ब्लेडवर तिने सगळा सराव केलाय, सुरुवातीची पावलं त्यावर बसलीयत, नवं आलं तरी ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. हे सगळं खरं. मी म्हटलं, ठरव तू. नेलंस तर मी अडवणार नाही, पण मला ते पटणार नाही. विचार करते म्हणाली. ब्लेड मात्र इथेच ठेवून गेली.

१८ जून, गुरुवार
सोनालीचा सकाळीच निरोप: कापा, पण मी समोर असताना.

दुपारी कापलं. मकरंद खराडीहून धापा टाकत आला, अडवायला. सोनालीने त्याला मास्क दिला आणि स्टूल पुढे सरकवलं. चकतीवर पाणी सोडत हळूहळू कापत गेले. ती एकटक बघत होती. मी नव्हते बघू शकत, पण कापणाऱ्याला बघावं लागतं.

तुकडा घासून साध्या मायक्रोस्कोपखाली धरला, पडद्यावर दिसला. वाकलेल्या भागात, दोन थरांच्या मध्ये, केसासारखी रेघ. निघाली होती, थोडी पुढे गेली होती, आणि थांबली होती. जिथे थांबली तिथे रेझिन नीट मिसळलेलं, गुठळ्या नाहीत. म्हणजे बहुतेक आमच्या नळ्यांनीच धरली.
सोनालीने विचारलं, मग पळता आलं असतं का. मी म्हटलं, कदाचित. पुढच्या वळणावर परत सुटली असती, कदाचित. तिने मान हलवली आणि पडद्याकडे बघत राहिली.

मकरंदचा चेहरा उजळलेला. म्हणाला, मंजिरी, हा पुरावा आहे! नळ्या तडा थांबवतात, हा फोटो ग्राहकाला आजच पाठवू.
सोनाली म्हणाली, "सर, तो माझा पाय होता."
आवाज चढवला नाही तिने. मकरंद बाहेर जाऊन बराच वेळ तात्यांच्या चौकटींपाशी उभा राहिला. आत येऊन सॉरी म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. ऐकून राग जायला हवा होता, गेला नाही.

२० जून, शनिवार
रेझिन. नळ्या एकमेकींना अशा चिकटतात की पिठल्यातल्या गुठळ्या बऱ्या. घोटत राहा, कंपनं देत राहा, थंड करत राहा. जास्त कंपनं दिली तर नळ्याच तुटतात. आज मकरंद आपणहून शेडवर आला आणि बाही वर करून घोटायला बसला. अर्ध्या तासात विचारलं, हे तू रोज करतेस? मी दुसरं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. थोडं चांगलं वाटलं. हेही लिहून ठेवते.

२२ जून, सोमवार
साच्यात थर टाकले. हवा काढून घेणाऱ्या पंपाने मध्येच संप पुकारला. तात्यांच्या गोडाऊनमधला रंगाच्या फवाऱ्याचा पंप उलटा लावून चालेल का, इथपर्यंत विचार गेला. शेवटी आपलाच पंप, तेल बदलून, चालला. ओव्हनमध्ये ठेवलं. आता त्याच्याकडे बघत बसून काही होत नाही, तरी बसले.

२३ जून, मंगळवार
ब्लेड निघालं. कडा घासल्या, तारा लावल्या. आकडा मार्चच्या आसपास. मायक्रोस्कोप नाही, पण आकडा तरी आहे. शेडवर वजनं टाकून वाकवून बघितलं, पुन्हा पुन्हा, मकरंद मोजायचं सोडून प्रार्थना करत होता असं वाटलं. काही झालं नाही.

संध्याकाळी येरवड्याला देऊन आले. सोनालीच्या आईने चहा केला. त्या शाळेत मदतनीस आहेत, मुलांना सांगतात तशा आवाजात मला म्हणाल्या, यावेळी नीट केलंय ना? मी म्हटलं, जमेल तेवढं नीट केलंय. त्यांना ते उत्तर आवडलं नाही. मलाही नाही. सोनालीने चढवलं, गल्लीत गेली, परत आली. आधीच्यापेक्षा मऊ आहे म्हणाली. बस्स.

२८ जून, रविवार
चाचणी. मैदानावर ऊन, माईकवाल्याचा घसा बसलेला, नावं चुकीची. सोनालीचं आडनाव दोनदा वेगळं पुकारलं. मकरंदचा ग्राहक आलाच नाही. व्हिडिओ मकरंदने स्वतःच काढला, त्यात बहुतेक त्याचा अंगठा आहे.

सुरुवात तिची चुकली. पावलं बसली नव्हती, दिसत होतं. वळणापर्यंत मागे. वळणावर मी डोळे मिटले, हे कोणाला सांगणार नाही. उघडले तेव्हा ती सरळ रेषेत होती आणि एकेकीला मागे टाकत होती. दुसरी आली. पहिली संघात नक्की जाते. दुसरीचं यादी लागेल तेव्हा कळेल. यादी कधी लागेल? लागेल तेव्हा, असं टेबलावरच्या गृहस्थांनी सांगितलं, आणि डबा उघडला.

ती माझ्यापाशी आली, घामाने भिजलेली. जुनं असतं तर पहिली आले असते, असं म्हणेल वाटलं. म्हणाली नाही. पाणी मागितलं.

१ जुलै, बुधवार
मकरंदने शेडवर येऊन सांगितलं. न आलेल्या ग्राहकाचा फोन आला होता. त्यांना ब्लेडमध्ये रस नाही. त्यांना पावडर हवी, बॅटरीच्या आतल्या लेपात मिसळायला, जेवढी करू तेवढी सगळी. भट्टी त्यांच्यासाठीच चालवायची. ब्लेडबिड बंद.
तो यावेळी विकायला आल्यासारखा बोलत नव्हता. म्हणाला, शेड राहील, भट्टी मोठी होईल, तुझी काजळीची कटकट संपेल. सोमवारपर्यंत सांग. मी म्हटलं, आणि सोनाली? म्हणाला, म्हणूनच तुला विचारतोय, नाहीतर हो म्हणून मोकळा झालो असतो.
चिडायला काही मिळालं नाही, याचीच चिडचिड झाली.

३ जुलै, शुक्रवार
यादी नाही. मकरंदला उत्तर नाही.
दुपारी सोनालीचा फोन. मला वाटलं यादीचं असेल. नाही. म्हणाली, पुढच्या ब्लेडला टाच-बिच काही नको, पण थोडं कडक हवं, वळणावर दबतंय.
पुढच्या.
मी तिला बॅटरीचं सांगायला तोंड उघडलं. मग विचारलं, कडक म्हणजे किती कडक?
"तुम्ही करा, ताई. मी पळून सांगते."