काळी वाळू

चिंचवड, रविवार, १३ जानेवारी १९७४

सकाळी कंपनीच्या मैदानावर गोल्फ खेळलो. पुण्याला होलभोवती मऊ हिरवळ, देवळालीला निदान खुरटं गवत तरी. आमच्याकडे पाण्याची बोंब, म्हणून गवताच्या जागी काळी वाळू, उडू नये यासाठी मशीनचं जळकं तेल ओतलेली. चेंडू मात्र सरळ जातो! ती वाळू हातानं सारखी करणाऱ्या मारुतीला "शाबास" म्हणत हात पुढे केला, तर त्यानं आपले हात मागे लपवले. तळव्यांना भेगा, त्यांत रक्त.

"तेलानं झालंय, साहेब. लेकीला घास भरवता येत न्हाई."

कुठल्या गाढवाला सुचलं हे तेल? मलाच. मीटिंगमध्ये शाबासकीही घेतली होती.

पुढच्या होलवर मारुती पुन्हा वाळूवर हात फिरवायला बसला. मी थांबवलं का त्याला? नाही. चेंडू सरळ गेला.