फ्लॉसीमावशीच्या ओट्यावरचा लाल आकडा

११ जानेवारी

आठवडाभर लग्नाच्या बँडबरोबर भटकलो. त्यांचा ताशेवाला आजारी — मग काय! आज वटारला दिवाकरकाकांकडून हवा तपासायचा फिरता डबा उचलला. जाताना बंद करून त्यांच्या ओटीवर टांगला होता, बॅटरी कशाला फुकट जाळायची. काकांनी टोमणा मारलाच — "हवा मोजतोस की हवा खातोस रे?" वर राजेळी केळी दिली. मस्त होती.

रोझलिन मिसचा फोन. गावागावांतले हवेचे डबे त्यांच्या कॉलेजचे. "फेरीआधी गच्चीवरच्या मोठ्या यंत्राशेजारी टांगून पाहिलास ना?" हो म्हटलं. डिसेंबरात पाहिला होता. होच की मग!

१२ जानेवारी

गास गाव. फ्लॉसीमावशीच्या ओट्यावरचा डबा महिनाभर लाल, म्हणजे खराब हवा, दाखवतोय, म्हणून पहिलं घर हेच. फिरता डबा शेजारी टांगायचा, दोघांचे आकडे ताडून बघायचे, घरचा खोटं बोलत असेल तर फोनवरून त्याचा आकडा सुधारायचा. एवढंच काम.

मावशी म्हणते, संध्याकाळी शेतामागे कोणीतरी तांब्यासाठी वायरी जाळतं. बघायला निघालो. वाटेत तळ्यावर गळ टाकून बसलेला एक म्हातारा भेटला, त्याच्या गप्पांत अंधार पडला. वायरी राहिल्या.

१३ जानेवारी

घरचा लाल. फिरता हिरवा! मध्ये वीतभर अंतर. कोणीतरी खेळ करतंय.

१४ जानेवारी

मावशीचा मुलगा फ्लॉईड आज मोकळेपणाने बोलला. त्याची बायको प्रिस्का लहानग्या टिफनीला घेऊन आगाशीला माहेरी आहे. पोरीला धाप लागते. मावशीचं फर्मान — डबा हिरवा झाल्याशिवाय पोरीला इथे आणायचं नाही.

"पोरगी मला विसरेल रे अनुज," म्हणाला.

म्हणजे लाल आकडा कोणाला हवाय? विचार करण्यासारखं आहे.

१५ जानेवारी

आगाशीच्या बाजारात प्रिस्का भेटली. मीच भेटलो म्हणा, मुद्दाम. इकडे तिकडे बघून हळूच बोलली, "मम्मी बंब डब्याखालीच पेटवतात. मी नकोय त्यांना घरात."

वाटलंच होतं!

१६ जानेवारी

पाळत ठेवली. बंब मागच्या दारी आहे. पण वारा फिरला तर? माझ्या शर्टाला जळक्या प्लास्टिकचा वास. बंबात पिशव्या घालत असणार.

चहा पिऊन येतो तर फिरता डबा गायब! आत, मरियामातेच्या मूर्तीशेजारी, पुढे मेणबत्ती.

"मावशी! हे काय?"

"पाहुणा ना तो? दवात ठेवू? माऊलीची मूर्ती घरोघर फिरते, ती काय आम्ही ओट्यावर टांगतो?"

"मेणबत्तीचा धूर खाईल तो."

"मग त्याला पन माझ्यासारखा खोकला होईल," म्हणून खो खो हसली. हसता हसता खोकली.

इतकं गोड बोलणाऱ्यांची मला भीतीच वाटते.

डबा परत टांगताना आत काहीतरी खुळखुळलं. कोणी उघडला? फ्लॉईडने? स्क्रू तर जागच्या जागी.

१७ जानेवारी

तेच. घरचा लाल, फिरता हिरवा. मावशी माझ्याकडे बघते, मी मावशीकडे.

१८ जानेवारी

मिसना सांगितलं, घरचाच डबा बिघडलाय. "नक्की?" नक्की. आकडा सुधारला. ओट्यावर हिरवा!

फ्लॉईडने मिठीच मारली. मावशी डब्यासमोर उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "डबा बदलला तू. माझी छाती नाय बदलली."

नाटकी बाई.

१९ जानेवारी

दुपारी प्रिस्का आणि टिफनी आल्या. मावशीने नातीचे पटापट मुके घेतले आणि लगेच सगळ्या खिडक्या लावत सुटली. भर दुपारी! प्रिस्काने मला डोळ्यांनी खुणावलं — बघितलंस?

बघितलं.

२० जानेवारी

वटार. ती खुळखुळ डोक्यातून जाईना. काकांच्या ओटीवर बसून फिरता डबा उघडला.

हवा आत जायच्या भोकात मातीचं घर. कुंभारीण माशीचं. सुकून दगड झालेलं, त्याचेच तुकडे आत खुळखुळत होते. काका म्हणाले, "आठवडाभर डब्यातला पंखा बंद होता ना? मग ती कशाला सोडते!"

फ्लॉईडला फोन लावला. मावशीने उचलला. मागे टिफनी — प्रत्येक श्वासाला शिट्टी. मी सांगायला लागलो, मावशी, तुमचा डबा खरा होता, माझाच —

"ते मला नको सांगू," मावशी म्हणाली. "आधी तो लाल कर. त्याशिवाय हे दोघं पोरीला घेऊन निघायचे नायत."